तुळिंजचा बिबट्या आणि माझं पाचवं पान

लॉरेन्स, तुझ्या मयताला इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. खरं सांगतो, वाटलं होतं. पण येऊ नयेत असंही वाटत होतं. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी बाहेर नारळाखाली उभा राहून मिस्सा ऐकला. फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी माणसं मोजत होतो. शंभरावर गेल्यावर सोडून दिलं. मग माझ्या वेळी किती येतील ते मोजून पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

फुलं वाहायच्या रांगेत माझ्या पुढे दोघे होते. एक दुसऱ्याला विचारत होता, "तुळिंजचा बिबट्या यांनीच काढला होता ना?"

"हो रे. हेच ते."

"काय बातमी होती! आमचे बाबा तीन दिवस गच्चीवर गेले नव्हते."

तू आयुष्यभर वसईवर लिहिलंस. वाड्या, विहिरी, पाणथळी, लग्नातली गाणी, म्हाताऱ्यांच्या गोष्टी. पण मयताच्या रांगेत लोकांना आठवला तो एक बिबट्या, आणि तोही न आलेला. मला बरं वाटायला हवं होतं. तितक्यात त्यातला एक मागे वळून मला म्हणाला, "तुम्ही त्यांचे गाववाले का?"

मी पण पत्रकार आहे, असं सांगणार होतो. पण रांग पुढे सरकली.

घरी आल्यावर कपाट उघडलं आणि तळाचा तो अंक काढला. माझ्याकडे तो अंक अजून आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्याकडे तरी होता की नाही कोण जाणे. तू काहीच जपून ठेवायचा नाहीस, कारण तुझं लोकच जपून ठेवायचे. कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय, पण वाचता येतो. नव्वदीतल्या एका डिसेंबरातला एक दिवस. पहिल्या पानावर चार कॉलमी मथळा: "तुळिंजमध्ये बिबट्या!" खाली आमच्या इमारतीचा फोटो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे एक जाड पांढरा बाण दाखवलेला, आणि टाकीवर काहीही नाही. इतक्या वर्षांत काहीच नसलेल्या जागेचा इतका मोठा फोटो मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या शेजारी कांद्याचे भाव, एका मंत्र्याने रस्ता लवकरच होईल म्हणून दिलेलं आश्वासन (तो रस्ता अजून व्हायचाय), आणि अनिर्णित राहिलेला एक क्रिकेटचा सामना. आत तिसऱ्या पानावर राशिभविष्य. माझ्या राशीला लिहिलंय, "केलेल्या कष्टांचे चीज होईल."

आणि पाचव्या पानावर, सोफा कव्हरच्या जाहिरातीखाली, सहा ओळी: "टँकरच्या पाण्याबाबत रहिवाशांची तक्रार." शेवटी कंसात नाव, साळवे. साळवी नाही, साळवे.

त्या सहा ओळींसाठी मी आठ दिवस सायकल मारली होती, लॉरेन्स. तुला ते ठाऊक होतं, पण वाचणाऱ्यांना नसेल, म्हणून सांगतो. तेव्हा आपण दोघंही एकाच दैनिकाचे अर्धवेळ वार्ताहर. वसई तुझी, नालासोपारा आणि विरार माझं. मी सकाळी एका शाळेत कारकुनी करायचो, तू तुझ्या केळीच्या वाडीला पाणी लावायचास, आणि दुपारनंतर आपण पत्रकार व्हायचो. त्या वर्षी आमच्या नालासोपाऱ्यातल्या तुळिंजला इमारतींना नळ होते पण नळांना पाणी नव्हतं. खाजगी टँकर यायचे. आमच्याच इमारतीत कावीळ झालेली तीन माणसं होती, समोरच्या चाळीत त्याहून जास्त. मला संशय आला. मी एका टँकरच्या मागे सायकल घेऊन निघालो, तो थेट गोखिवऱ्याच्या मागे एका जुन्या दगडाच्या खदानीपर्यंत. तिथे हिरवं पाणी साचलं होतं, त्यात म्हशी डुंबत होत्या, आणि त्यांच्या शेजारीच टँकर पाइप सोडून पाणी ओढत होते. आठ दिवस मी तिथे जाऊन झुडपाआड बसलो. गाड्यांचे नंबर लिहून घेतले. पाण्याची बाटली भरून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा बंद केलं.

वृत्तसंपादकांना फोन केला तर ते म्हणाले, "साळवी, झकास. ड्रायव्हरचं एक वाक्य मिळव. उद्या पहिलं पान तुझं."

पहिलं पान तुझं. हे वाक्य मला त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं, आणि नंतरही कुणी म्हटलं नाही. तुला ते दर पंधरवड्याला ऐकायला मिळायचं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरचं वाक्य मिळवायला गोखिवऱ्याला गेलो, आणि नेमका त्याच दुपारी तू माझ्या घरी आलास. वाडीतलं अळू घेऊन. तू कधी रिकाम्या हाताने यायचा नाहीस, याचाही मला राग यायचा. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात परत द्यायला काय पिकणार होतं? माझ्या बायकोने, सुनंदाने, तुला चहा दिला. त्या दिवशी सकाळी तिने एक ब्लँकेट धुतलं होतं. तिच्या भावाने आखातातून आणलेलं, जाड, मऊ, पिवळं, आणि त्यावर काळे ठिपके. वीतभर मोठा बिबट्याचा तोंडवळासुद्धा होता मधोमध. पाहुणे यायचे होते म्हणून धुतलं, आणि गच्चीवर टाकीवर वाळत घातलं. दुपारी वारा सुटला. ब्लँकेट टाकीवरून अर्धं घसरलं आणि एका कोपऱ्यावर लटकून हलायला लागलं.

भातखाचरांच्या पलीकडे, जुन्या तुळिंज गावातली हिराबाई शेळ्या घेऊन चालली होती. तिने वर पाहिलं आणि किंचाळली.

पुढचं मला सुनंदाने सांगितलं, शेजाऱ्यांनी सांगितलं, हिराबाईने सांगितलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं. हिराबाईचं मात्र मरेपर्यंत बदललं नाही: "मी माज्या डोल्यांनी पायला. पिवला होता, काले ठिपके. माज्याकडं बघून शेपूट हालवलान." पाच मिनिटांत खाली दोनशे माणसं जमली, तोवर ब्लँकेट टाकीमागे घसरून दिसेनासं झालं होतं. कुणी थाळ्या वाजवायला लागलं. सोसायटीच्या सेक्रेटरीने गच्चीच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन स्वतःच्या घरात कडी लावून बसला. आणि तू, माझ्या घरातला चहा अर्धा टाकून, वही काढून खाली उतरलास.

मी संध्याकाळी सायकलवरून आलो. ड्रायव्हरने वाक्य दिलं होतं. छान दिलं होतं: "साहेब, मी हे पाणी माझ्या पोरांना पाजत नाही." मी ते तोंडाने घोकत येत होतो. नाक्यावर माणसं उभी.

"साळवीसाहेब, वर जाऊ नका."

"का? काय झालं?"

"तुमच्या गच्चीवर बिबट्या आहे."

मी हसलो. ते नाही हसले. एकाने मला सांगितलं, "तुमच्याच पेपरचे आले होते की. ते उंच, डिसूझा का कोण... लॉरेन्स. फॅक्स करायला गेलेत."

माझ्या गल्लीत, माझ्या इमारतीवर, माझ्या घराच्या दोन मजले वर. आणि बातमी तू दिलीस. तेव्हाच माझ्यात जे काही पेटलं, ते तुला दफन करून आलो तरी विझलेलं नाही.

सकाळी पेपर आला. त्याच वेळी सेक्रेटरीने धीर करून कुलूप काढलं आणि सुनंदा गच्चीवर जाऊन आली. ब्लँकेट खांद्यावर टाकून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "वाळलं एकदाचं." मी हातातल्या पहिल्या पानाकडे पाहिलं. मग तिच्या खांद्याकडे पाहिलं. ब्लँकेटवरचा बिबट्या माझ्याकडे बघत होता.

ज्या चादरीखाली मी झोपायचो, तिने माझं पहिलं पान खाल्लं होतं.

मी तसाच निघालो आणि तुझ्या घरी आलो. तू ओट्यावर बसून पाव आणि अंडं खात होतास. आठवतंय तुला? मी पेपर तुझ्या ताटात टाकला.

"बिबट्या नाही तो. माझं ब्लँकेट आहे."

तू पेपरला लागलेलं अंडं बोटाने पुसलंस. मग विचारलंस, "वहिनींच्या भावाने आणलेलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"आता कळलं. तू सांगितलंस तेव्हा."

"सुनंदाने तुला सांगितलं होतं वर काय वाळतंय ते."

"वहिनी म्हणाल्या, वर कपडे आहेत. कपडे आणि ब्लँकेट यात फरक असतो, साळवी. आणि मी 'बिबट्यासदृश प्राणी' लिहिलं होतं. 'सदृश' डेस्कने खाल्लं."

"तू गच्चीवर गेलास का पाहायला?"

"दाराला कुलूप होतं."

"कुलूप नंतर लागलं!"

"माझ्या वेळी होतं."

हे भांडण आपलं किती वर्षं चाललं? तुझ्या ओट्यावर दर रविवारी. कधी भेट चुकली तर फोनवर. तू वर गेला होतास की नव्हतास. मला खात्री होती की तू दोन मजले चढलास, दार ढकललंस, ब्लँकेट पाहिलंस, आणि हसू दाबत खाली आलास. तू प्रत्येक वेळी म्हणायचास, कुलूप होतं. आतून तुझी बायको, फिलू वहिनी, ओरडायच्या, "संपवा ते एकदाचं." आता संपलं, पण निकाल लागलाच नाही.

वनखात्याची माणसं आली, गच्ची पाहून गेली. काही सापडलं नाही. बिबट्या निघून गेला असावा, असं सगळ्यांनी ठरवलं. मी खरं सांगू शकलो असतो. पण मग आपल्याच दैनिकात छापावं लागलं असतं की वार्ताहराच्या ब्लँकेटला वार्ताहराने बिबट्या ठरवलं. त्यात एक मूर्ख तू, आणि दुसरा मी. तू गप्प राहिलास, मीही राहिलो. लोक म्हणाले, आपण जिवलग मित्र.

तिसऱ्या दिवशी तू "बिबट्याची कैफियत" लिहिलीस.

ती मला अजून पाठ आहे, आणि याचीही मला चीड आहे. माझ्या स्वतःच्या बातमीतली एक ओळ मला पाठ नाही. "मी तुळिंजला आलो तो माणसं खायला नव्हे, तहान लागली म्हणून. टाकीवर चढलो, पाण्याचा वास घेतला आणि आल्या पावली जंगलात परत गेलो. आम्ही जंगली खरे, पण काय वाटेल ते पीत नाही." मग त्या बिबट्याने तक्रार केली की गोखिवऱ्याच्या खदानीत म्हशींच्या रांगेत टँकर मध्येच घुसतात, म्हशींना आंघोळीला जागा उरत नाही. खदान, म्हशी, पाइप, सगळं माझं. झुडपाआड बसून मी पाहिलेलं, डास चावून घेऊन लिहिलेलं. फक्त बोलत होता तुझा बिबट्या.

सकाळी पानाच्या टपरीवर एक जण मोठ्याने वाचत होता आणि दहा जण हसून वाकत होते. मीही तिथे होतो. मी पण हसलो, लॉरेन्स, हे कबूल करतो. इतकं हसलो की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी नेमकं कशाचं आहे ते कळेना.

त्या दुपारी टँकर आला तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी त्याला अडवलं. सगळ्यात पुढे हिराबाई, तिचं त्या पाण्याशी काही देणंघेणं नसताना. तिच्या घराला विहीर होती. तरी कमरेला पदर खोचून टँकरसमोर उभी. "जे पानी बिबट्या पीत नाय, ते आमी का म्हून प्यायचा?" टँकर परत गेला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन सोसायट्यांनी परत पाठवला. आठवड्याभरात खदानीकडची ये-जा बंद झाली आणि टँकर नीट विहिरीचं पाणी आणायला लागले. कावीळ हटली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण कसा, तर दुसऱ्याच्या लग्नात जेवताना होतो तसा. माझ्या आठ दिवसांनी जे झालं नाही, ते तुझ्या एका सकाळच्या थट्टेने झालं. आणि त्या थट्टेत माझं नाव कुठेच नव्हतं.

"मी लिहिलं होतं," तू म्हणालास. "'आमचे मित्र साळवी यांच्या बातमीवरून' असं स्पष्ट लिहिलं होतं."

"मग?"

"डेस्कने खाल्लं."

डेस्कचं पोट केवढं होतं रे तुझ्या वेळी.

आता ते सांगतो जे तुला सांगायचं राहिलं. म्हणजे मला वाटत होतं की राहिलं.

कैफियतीनंतर महिन्याभरात कळलं की आपल्या भागातून एकाला मुंबईच्या कचेरीत कायम नोकरीवर घेणार आहेत. संपादकांनी तुझं नाव जवळजवळ पक्कं केलंय, हेही कळलं. मी शाळेतल्या टाइपरायटरवर एक पत्र टाइप केलं. खाली सही केली नाही. "एक जागरूक वाचक" असं लिहिलं. त्या पत्रात मी लिहिलं की तुळिंजच्या बिबट्याची बातमी बनावट आहे, की तुम्हीच छापलेल्या दुसऱ्या बातमीतला मजकूर चोरून सदर लेख लिहिला गेला आहे, आणि अशा माणसाच्या हाती वृत्तपत्र सोपवणं धोक्याचं आहे. पाकीट विरारच्या पोस्टात टाकलं, तुळिंजच्या नाही. केवढा हुशार होतो मी.

तुला मुंबईला बोलावलं. तू काय बोललास, मला कळलं नाही. परत आलास तो नेहमीसारखाच. दोन आठवड्यांनी पत्र मला आलं: उपसंपादक म्हणून रुजू व्हावे.

आणि दुसऱ्या दिवशी तू सुकेळी घेऊन आलास. तुझ्या आईने वाडीतली केळी उन्हात वाळवून केलेली, पळसाच्या पानात बांधलेली. सुनंदाच्या हातात पुडी दिलीस आणि मला मिठी मारलीस. "साळवी, बरं झालं. मला कुठे जमलं असतं मुंबईत? इथे केळीला पाणी कोणी लावायचं?" मी ती सुकेळी खाऊ शकलो नाही. तुला वाटलं असेल, गोड आवडत नाही. मी तुझ्याकडे बघत होतो आणि माझ्या मनात काय आलं माहीत आहे? हा माणूस हरला तरी याचा चेहरा पडत नाही. मला नोकरी मिळाली होती, आणि त्या क्षणीसुद्धा मी तुझ्यावर जळत होतो.

मग मी वीस वर्षं त्या डेस्कवर बसलो, दुसऱ्यांचे "सदृश" कापत. तू इथल्या साप्ताहिकात लिहीत राहिलास. मी चंदनसारला नवा फ्लॅट घेतला तेव्हा खालचा किराणावाला म्हणाला, "तुम्ही पेपरात आहात? मग लॉरेन्स सरांना ओळखत असाल!" माझ्या मुलीच्या लग्नात तू पाच मिनिटं बोललास आणि व्याही अजून तेच सांगतात. डॉक्टरांनी तुला आजार सांगितला तेव्हा तू त्यांना म्हणालास, बातमी पक्की आहे ना, नाहीतर मी सदृश लिहितो. हे मला कुणी सांगितलं? डॉक्टरांनीच. हसत हसत. आजारपणातही तुझीच गोष्ट.

शेवटी भेटलो तेव्हा तू अगदी बारीक झाला होतास. मी ठरवून आलो होतो, पत्राचं सांगायचं. तू आधीच बोललास. "मी गेलो की तू लिहिणार माझ्यावर. फक्त 'सदर इसम' लिहू नकोस." मी म्हटलं, "नाही लिहिणार." मग तुला खोकला आला, फिलू वहिनी आल्या, आणि मी पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा तू डोळे मिटले होतेस. मी पाच मिनिटं थांबलो आणि निघालो. पाचच मिनिटं.

तुझ्यासाठी वाचनालयाच्या सभागृहात शोकसभा झाली. सगळे बोलले, सगळ्यांनी बिबट्या आणला. एक निवृत्त शिक्षक म्हणाले, त्यांनी तो प्रत्यक्ष पाहिला होता, उडी मारून शेजारच्या इमारतीवर गेला. मला राहवलं नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ सांगून टाकलं: तो बिबट्या नव्हता. ते माझं ब्लँकेट होतं. अजून माझ्या घरात आहे, हवं तर आणून दाखवतो.

मला वाटलं, आता इतक्या वर्षांनी खरं बाहेर आलं.

ते शिक्षक उठले. अगदी नम्रपणे म्हणाले, "साळवीसाहेब, राग मानू नका. पण त्या दुपारी तुम्ही गोखिवऱ्याला होता ना? मग तुम्हाला काय माहीत?"

लोक हसले. प्रेमाने हसले. तू असतास तर ओट्यावर लोळला असतास.

परवा दुपारी मी तुझ्या घरी गेलो. फिलू वहिनी एकट्याच होत्या. सून कामावर, नातू शाळेत. त्यांनी स्वयंपाकघरात खुर्ची दिली, चहा टाकला. मी चहा समोर येईपर्यंत थांबलो नाही. उभ्या उभ्याच सांगितलं. ते पत्र मी लिहिलं होतं. त्याची नोकरी मी घालवली. त्याला सांगायला आलो होतो, जमलं नाही.

वहिनींनी गॅस बारीक केला. मागे वळल्यासुद्धा नाहीत.

"त्याला ठाऊक होतं, भावजी."

"काय?"

"संपादकांनी दाखवलं होतं त्याला पत्र. घरी आला तो हसतच. म्हणाला, एका पानात चार वेळा 'सदर' लिहिणारा माणूस या तालुक्यात एकच आहे."

मी बसलो.

"आणि बोलला नाही? इतकी वर्षं?"

"काय बोलणार? म्हणाला, फिटलं. साळवीचं नाव मीच काढलं होतं."

मला कळेना. वहिनींनी कप समोर ठेवला आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "तो बिबट्याचा लेख लिहिला ना, त्यात तुमचं नाव होतं आधी. मग फॅक्स करायला जाताना त्यानेच खोडलं. डेस्कने नाही. मी इथे होते. मी विचारलं, का रे? तर म्हणाला, त्याचं नाव राहिलं तर लोकांना कळेल की खरं काम त्याचं आहे. रात्री जेवला नाही नीट. म्हणाला, त्याने आठ दिवस झुडपात बसून जे आणलं ते मला जन्मात जमणार नाही. मला नुसतं गोड बोलता येतं. तो तुमच्यावर जळायचा, भावजी. फार जळायचा."

मी काय करायला हवं होतं, लॉरेन्स? तू मला फसवलंस, हे कळल्यावर चिडायला हवं होतं. तू मला माफ केलंस, हे कळल्यावर रडायला हवं होतं. रडलो, पण नंतर, घरी. त्या स्वयंपाकघरात माझ्या तोंडावर जे आलं ते हसू होतं, आणि ते काही केल्या आवरेना. तुला जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत, समोर तुझी बायको काळ्या साडीत उभी, आणि मी वयाच्या या टप्प्यावर शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरासारखा बसलोय.

"वहिनी, नेमकं काय म्हणाला तो?"

त्यांनी पुन्हा सांगितलं. आठ दिवस झुडपात. जन्मात जमणार नाही.

"आणि जळायचा, असं तुम्ही म्हणालात. म्हणजे त्याने स्वतः तसं म्हटलं, की तुम्हाला वाटलं?"

"त्याने म्हटलं."

"कोणत्या शब्दांत?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग माझा कप थोडा पुढे सरकवला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "चहा गार झाला."